देश कोणता?

पापडी गावातला आमचा फोटोवाला गिऱ्हाइकाचं नाव विचारत नाही. "देश कोणता?" एवढंच विचारतो, कारण प्रत्येक व्हिसाच्या फोटोचं माप वेगळं. पूर्वी कुवेत, दुबई. आता कॅनडा, आयर्लंड. "इथल्या पगारात भागत नाही, म्हणून माझं दुकान चालतं," असं जरा ओशाळून म्हणतो. "हसू नको," म्हणत व्हिसाचा फोटो काढतो. मग "आता घरच्यांसाठी हस," म्हणत दुसरा, फुकट.

परवा गेलो तर स्टुलावर नर्स झालेली त्याचीच मुलगी बसली होती.

"देश कोणता?" त्यानं सवयीनं विचारलं.

"पप्पा, आयर्लंड!"

पहिला फोटो झटक्यात झाला. दुसऱ्यासाठी ती छान हसली.

"लाइट बरोबर नाही, परत हस," असं तो चारदा म्हणाला. बटण एकदाही दाबलं नाही.