चांदीच्या पाण्यातले काळे कण

कासुर्डीला आमची गुलछडी आहे. तोडलेल्या दांड्या बाजारात पोचेपर्यंत ताज्या राहाव्यात म्हणून बादलीतल्या पाण्यात थोडं चांदीचं पाणी टाकायचं, हे माझ्या नवऱ्यानं कुठंतरी पाहिलं. हे पाणी लोक पितात म्हणे. आमच्याकडं ते फुलांपुरतंच.

तेव्हा ते शिक्रापूरच्या कारखान्यात होते आणि सुट्टीला घरी येत. दौंडच्या सोनाराकडून त्यांनी चोख चांदीच्या दोन तारा आणल्या. काचेच्या ग्लासात बोअरचं पाणी घेऊन तारा त्यात बुडवल्या आणि बॅटरीला जोडल्या, म्हणजे तारेतली चांदी पाण्यात उतरते. लगेच पाणी दुधासारखं झालं. बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, असं म्हणून त्यांनी ते ओतून दिलं आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणलं. या खेपेला पाणी पांढरं झालं नाही, पण तळाशी काळे कण बसले. पडवीत दोघंही ग्लासावर वाकून ते बघत बसलो. त्यांच्या अंगाला कारखान्याच्या तेलाचा वास येत होता. तो मला आवडायचा, पण कधी बोलले नाही.

त्याच महिन्यात कंपनीनं त्यांना गुजरातच्या नव्या कारखान्यात पाठवलं. ग्लास, तारा आणि बॅटरी माझ्याकडं राहिली.

मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. मी मोबाईलच्या उजेडात ग्लास धरायची. ते विचारायचे, तारा किती जवळ आहेत, किती वेळ ठेवल्या. एकदा म्हणाले, "तारेवर काळी बुरशी धरल्यासारखं दिसतंय बघ. तेच गळून खाली पडतंय. मधनं मधनं बॅटरी काढ आन् मऊ फडक्यानं तार पुसून घे."

मी आइस्क्रीमच्या काडीला दोन भोकं पाडून तारा लांब लांब बसवल्या, वेळ कमी केला, सारखं पुसत राहिले. तरी कधी चार कण दिसायचेच. दिसले की मी फोन लावायची. कणांचं बोलून झालं की ते विचारायचे, जेवलीस का. खोलीत पंखा आवाज करतो, असं सांगायचे.

एका दुपारी पाणी स्वच्छ निघालं. ग्लास उन्हात धरला, तर फिकट पिवळसर झाक, तळाशी काही नाही. फोन लावला. ते ड्यूटीवर होते. फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, "झकास. आता तुला जमलं."

त्यानंतर आठवडाभर त्यांचा फोन नव्हता. नवी मशीन बसवायचं काम चालू होतं. मी रोज पाणी करत होते, दांड्या बुडवून गाडीत चढवत होते. शेवटी मीच फोन केला. त्यांनी विचारलं, "काय, परत कण आले व्हय?"

"न्हाई," मी म्हणाले. "पाणी चांगलं हाय. तुम्ही कवा येताय?"

मागं तो पंखा ऐकू येत होता. ते म्हणाले, "सुट्टी मागतो." ती अजून मिळालेली नाही.