परत पहिल्यापासून

वासनिककाकांच्या बेसमेंटमध्ये आम्ही चार वर्षं भाड्यानं राहिलो. पण वरून येणारं पियानोवरचं एकही गाणं आम्ही कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून येऊन आम्ही जेवायला बसलो की वर वादन सुरू व्हायचं. हात फार गोड होता त्यांचा. एडमंटनच्या हिवाळ्यात आमची एवढीशी खिडकी बर्फानं बुजून जायची, तेव्हा ते सूर ऐकून बरं वाटायचं. मग मध्येच कुठेतरी त्यांचं बोट घसरायचं. आम्हाला ते कळायचंही नाही. फक्त वर एकदम शांतता व्हायची आणि तेच गाणं पहिल्या सुरापासून परत सुरू व्हायचं. माझा नवरा मंदार ताटातून मान वर न करता म्हणायचा, "परत." आमच्या घरातली ती नेहमीची थट्टा होती. ती आठवली की आता लाज वाटते.

काका मूळचे नागपूरचे. सरकारी खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. काकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, एक आरामखुर्ची आणि भिंतीला लावलेला काळा पियानो, एवढंच सामान. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलवर सगळ्यांत आधी पोचून खुर्च्या मांडणार ते हेच, आणि त्या रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ. भाड्याच्या करारावर माझ्या हातून एक अक्षर खोडलं गेलं, तर त्यांनी अख्खा कागद नव्यानं छापून आणला. "खाडाखोड नको," म्हणाले. मी मनात म्हटलं, घरमालक कडक दिसतोय.

पियानोचं एकदा मीच विचारलं. "काका, एवढं छान चाललेलं असतं, मग थांबता कशाला?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील नागपुरात एका मिशनच्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता. तिथल्या एका सिस्टरनं ह्या मुलाला शिकवायचं कबूल केलं, पण एका अटीवर. चूक झाली की पहिल्यापासून.

"मला वाटलं, बरोबरच आहे," काका म्हणाले. "दुसऱ्याचं पोरगं चुकलं, तं ते पोरगं चुकलं. मी चुकलो, तं आमची अख्खी वस्ती चुकली. लोकं म्हणायला तयारच बसले होते ना."

पुण्यात मीही लहानपणी हार्मोनियम शिकले होते आणि भरपूर चुकले होते. माझ्या त्या चुका माझ्या एकटीच्या होत्या. हे तोवर माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

हीच अट त्यांनी पुढे आपल्या मुलीला घातली. सुजाता एकुलती एक. सोळाव्या वर्षी, संगीताच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी, तिनं "ओके, बाबा" म्हणून पियानोचं झाकण लावलं ते पुन्हा उघडलं नाही. नंतर ती विनिपेगला गेली, तिथंच नोकरीला लागली. फोन महिन्यातून एकदा व्हायचा, तोही हवामानाबद्दल. तुमच्याकडे उणे किती, आमच्याकडे उणे किती. काका फोन ठेवायचे आणि उगाचच ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला निघायचे.

एका वर्षी फेब्रुवारीत त्यांनी जिन्यावरून मला हाक मारली. "मेधा, शनिवारी दुपारी मोकळी आहेस का? एका पबमध्ये जायचं आहे." मी उडालेच. काका दारूला शिवत नसत. मग हळूहळू सगळं कळलं. सुजाता विनिपेगमध्ये फिडल वाजवायला लागली होती. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. दर रविवारी काही माणसं पबमध्ये गोल करून बसतात आणि आयर्लंडमधल्या जुन्या नाचाच्या धुना एकत्र वाजवतात. त्याला सेशन म्हणतात. तिनं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, देअर इज अ पियानो देअर. जस्ट कम. नुसतं या."

"पण असंच कसं जायचं?" काका म्हणाले. "तयारी पाहिजे." एडमंटनमध्येही असं एक सेशन चालतं, हे त्यांनी शोधून काढलं होतं. सुजाता वाजवते त्या धुनांची यादी त्यांनी तिच्याकडून ईमेलवर मागवली होती. एक्केचाळीस धुना. यादी छापून त्यांनी प्रत्येक नावापुढे एक चौकोन आखला होता, धून जमली की खूण करायला.

पहिल्या शनिवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, फाइलमध्ये नोटेशन घेऊन आले. पबमध्ये दहाबारा माणसं स्वेटर घालून बसली होती. मॉरीन नावाच्या एका म्हाताऱ्या फिडलवालीनं काकांची फाइल हसत हसत उचलली आणि नेऊन कोटांच्या ढिगावर ठेवली. तिथं समोर कागद ठेवायची पद्धतच नव्हती. एक धून तीनदा वाजवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं. ज्याला येत नाही त्यानं वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचं. पियानोवाल्यानं तर मिरवायचंच नाही, बाकीच्यांना खालून आधार द्यायचा. आयुष्यभर एकट्यानं वाजवलेल्या माणसाला हे सगळंच उलटं होतं. दुसऱ्याच मिनिटाला काका चुकले, थांबले आणि सवयीनं पहिल्यापासून सुरू झाले. बाकीचे केव्हाच पुढं गेले होते. दोन्हींची अशी काही टक्कर झाली की काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. काकांचे कान लाल झाले. मॉरीन वाजवता वाजवताच ओरडली, "तिथं मागं आता कोणी नाहीये, डिअर! आम्ही इकडे आहोत!"

मला वाटलं, हे पुन्हा येणार नाहीत. पण ते आले. दर शनिवारी आले. हळूहळू त्यांना जमायला लागलं. चुकलं की हात उचलायचे, मान खाली घालून ऐकायचं आणि पुढच्या वळणावर सगळ्यांना गाठायचं. एकदा असंच गाठल्यावर ते मोठ्यानं हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. घरी मात्र तेच. आयर्लंडची धून असली तरी बोट घसरलं की वर शांतता, आणि खाली मंदारचं "परत".

चौकोन भरण्यात दोन वर्षं गेली. सुजाता विचारायची, "कधी येताय, बाबा?" काका म्हणायचे, "थोड्या राहिल्या आहेत." अडतिसाव्या खुणेनंतर, इस्टरच्या सुट्टीत, मी भांडून त्यांना विमानात बसवलं.

तीन दिवसांनी ते परत आले. मी चहा घेऊन वर गेले, तर कोट अंगावर तसाच होता.

"वाजवलंत?"

"ऐकलं. फार छान वाजवते." मग कपाकडे बघत म्हणाले, "ती म्हणे, बाबा, बसा. पियानोवाला उठला, मला जागा करून दिली. सगळे पाहून राहिले होते. मी म्हटलं, तीन राहिल्या आहेत, अजून पक्कं नाही झालं."

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? 'ओके, बाबा.' सोळाव्या वर्षी म्हणाली होती ना, अगदी तसंच."

चहा निवून गेला. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "चुकलो असतो तं चाललं असतं, मेधा. बसलोच नाही. हे नाही चालत."

त्यांनी डिसेंबरचं तिकीट काढलं. ह्या वेळी यादी घरीच ठेवून जाणार होते. "मागं कोणी नाहीये," असं अधूनमधून स्वतःशीच पुटपुटायचे. आणि नोव्हेंबरात, पहिल्याच मोठ्या बर्फात, ड्राइव्हवेवर त्यांना हार्ट अटॅक आला. सुजाता संध्याकाळच्या फ्लाइटनं पोचली, पण तोवर ते बेशुद्ध झाले होते. पहाटे गेले. मला अजूनही राग येतो. त्या सिस्टरचा येतो, त्या 'तयारच बसलेल्या' लोकांचा येतो, कधी कधी काकांचाही येतो.

अंत्यसंस्काराला पंचशील झालं. मॉरीन आणि मंडळी आली, त्यांनी दोन धुना वाजवल्या. सुजातानं फिडल आणलं होतं, पण पेटी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती यादी तिच्या हातात दिली. ती बराच वेळ खुणांकडे बघत होती.

"बाबांना थर्टी-एट येत होत्या?"

"तीन राहिल्या होत्या. म्हणून बसले नाहीत त्या दिवशी."

"मेधाताई, मला स्वतःला यातल्या वीसच नीट येतात," ती म्हणाली. "त्यांनी यादी मागितली, सो मी तिथं जे जे वाजतं ते सगळं लिहून पाठवलं. आय जस्ट वॉन्टेड हिम टु सिट."

मी तिला शनिवारच्या सेशनचं सांगितलं. ते कसे चुकायचे, हात उचलायचे आणि पुढं गाठायचे. तिनं मान हलवली. "बाबा? नो. बाबा थांबतात."

"अगं, मी पाहिलंय."

मी सांगितलेलं तिला खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही.

ती विनिपेगला परत जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खाली जेवायला बसलो होतो. अचानक वर पियानो वाजला. सोळाव्या वर्षी लावलेलं झाकण तिनं उघडलं होतं. यादीतलीच एक धून होती, मी लगेच ओळखली. पहिला भाग छान गेला. दुसऱ्याच्या मध्यावर कुठेतरी एक बोट घसरलं, आणि वर शांतता झाली.

मंदारचा घास हातातच राहिला. मी छताकडे बघत मनात म्हणत होते, पुढं जा गं, सुजाता. मागं आता कोणी नाहीये.

वर ती धून पहिल्या सुरापासून परत सुरू झाली. मंदार ह्या वेळी काही बोलला नाही.