तिसऱ्या हाकेपर्यंत

गुलाबकाका गेले ते भरदुपारी, अंगणातल्या बाजेवर, सोयाबीनची पोती शिवता शिवता. फोन आला तेव्हा मी वाशीमला कचेरीत होतो. चुलतभाऊ संतोष एवढंच म्हणाला, "बाबा गेले... तू ये." मोटारसायकल काढून मी गावाकडे, मेडशीच्या वाटेला लागलो. त्याला आता काही आठवडे झाले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. काका गेल्याचं दुःख होतंच; त्याहून मला पोखरत होतं ते तेरवीच्या दिवशी संतोष जे बोलला ते. पण ते कळायचं तर आधी काका कळायला हवेत.

काका मऊ स्वभावाचे मुळीच नव्हते. अंगानं दांडगे, आवाज असा की बैलसुद्धा कान टवकारायचे, आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कुणी वीतभर सरकला तर त्याच्या सात पिढ्यांची कुंडली बाहेर काढायचे. अशा माणसाची एक सवय मात्र अख्ख्या गावाच्या चेष्टेचा विषय होती. अंधारात काही हललं की ते तीनदा हाक मारायचे, मग बॅटरीचा उजेड टाकायचे, आणि त्यानंतरच काठीला हात. आमच्याकडे लहानपणापासून बजावलेलं असतं की अंधारात हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणे. शिकलेली माणसंही हे पाळतात, मीही पाळतो. पण मग हाक मारणाऱ्यानंही तिसरीपर्यंत थांबायला हवं, हे काकांखेरीज कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. "थो गप हाय म्हंजे चोरच हाय, असं काहून?" ते विचारायचे. घरात मोरीची कडी वाजली तरी "कोन हाय?" सुरू. काकू आतून वैतागायच्या, "मी हावो, दुसरं कोन ऱ्हाईन इथं!"

त्या सवयीची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका हंगामात चोरांच्या टोळीची आवई उठली होती. खरं किती, मोबाईलवरचं किती, कुणालाच ठाऊक नव्हतं, पण जो तो काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जागलीला, रात्रीच्या राखणीला, जात होता. मी सुट्टीवर आलेलो, म्हणून काका आणि संतोषसोबत शेतात होतो. अंधार पडून फार वेळ झाला नव्हता. ताडपत्रीनं झाकलेल्या सोयाबीनच्या ढिगामागं काहीतरी सरकलं. संतोषनं कुऱ्हाड उचलली. काकांनी त्याचं मनगट धरलं आणि हाक मारली, "कोन हाय थे?" उत्तर नाही. दुसरी हाक... तरी नाही. "बाबा, सोडा मले! चोर हाय, म्हून बोलत नाई!" संतोष हात सोडवू पाहत होता. काकांनी पकड सोडली नाही. "नाव सांग बाप्पा, कोन हाय?" आणि ढिगामागून थकलेला आवाज आला, "मी व्हय जी... सुभाषची माय. वगार सुटली आमची."

शेजारच्या शेतातली म्हातारी होती ती. म्हशीची वगार शोधत धुरा ओलांडून आलेली. "दोन हाकांले ओ देऊ नाई म्हन्तेत ना, म्हून गप होती," ती अगदी सहज म्हणाली. काकांनी तिला वगार धरून दिली, धुऱ्यापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन मटकन खाली बसले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. संतोष कुऱ्हाडीकडे पाठ करून बसला होता. त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही.

एवढं होऊनही संतोषला ती सवय पटली नाही, आणि त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. पुढे एकदा काकांच्या हाका चालू असताना चोरांनी विहिरीवरच्या मोटरची केबल गुंडाळून नेली. "तुमच्या तीन हाकांत चोर मेडशीले पोचून चा पेते," संतोष भडकला. काका म्हणाले, "पेऊ दे. केबल नवी भेटते." गावाला हसायला आणखी एक निमित्त मिळालं.

...आणि तेरवीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, संतोष मला म्हणाला, "आता जागल कोन करन? तारेच्या कुंपनात सरळ करंटची लाईनच सोडून देतो. डुक्करबी मरन अन् चोरबी." मी म्हटलं, "अन् सुभाषची माय आली तं? तार काय नाव इचारते का रे?" तो उठून गेला. मी वाशीमला परतलो खरा, पण फोन वाजला की आधी मनात यायचं, काय ऐकावं लागतंय, कुणाचं नाव ऐकावं लागतंय... फोनवर विचारलं तर संतोष विषय बदलायचा.

शेवटी न राहवून मागच्या आठवड्यात न कळवता गेलो. शेतावर पोचेतो अंधारलं. कुंपणाशी आलो आणि हात तारेकडे जाईना. राखणीसाठी बांधलेल्या खोपडीतून आवाज आला, "कोन हाय थे?" संतोषचाच. तोंड उघडलं होतं, पण लहानपणापासूनची सवय आड आली. दुसरी हाक आली. मी तसाच उभा. मग काहीच नाही. काठी उचलल्याचा आवाज मात्र आला, आणि मला माझ्याच भावाची भीती वाटली. तेवढ्यात बॅटरीचा उजेड माझ्या पायांवर पडला.

"नाव सांग बाप्पा, कोन हाय?"

"मी हावो रे, संतोष!"

त्यानं काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "ये. तारेले हात लाव, काई होत नाई. लाईन नाई जोडली मी."

मी तार वर उचलली आणि वाकून आत गेलो.