एका कामासाठी गाडी काढायची नाही

ताईचा फोन आला तेव्हा मी रेवसच्या धक्क्यावर मुंबईहून येणाऱ्या लाँचची वाट बघत उभा होतो. "बाळू, हे गेले रे," ती म्हणाली. आणि मी काही विचारलेलं नसताना, विचारल्यासारखं उत्तर दिलं तिनं, "उद्या जानारच होते दवाखान्यात. नारळ पन न्यायचे होते ना..." माणूस गेल्याचं कळल्यावर रडू येतं म्हणतात. मला संताप आला. त्या नारळांनी माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं मला महिनाभर सगळे समजावतायत. मी बोलणार आहे. गेले ते माझ्या बहिणीचे यजमान, माझे भावोजी दिगंबर. मेव्हण्याने भावोजींशी भांडायचं नाही तर कुणी भांडायचं?

हरिहरेश्वरच्या अलीकडे, समुद्राच्या वर, जांभ्याच्या उतारावर त्यांचं घर आणि नारळ-सुपारीची वाडी. खाली वाळूची पुळण, वर मोजकी घरं आणि मधला रस्ता असा उभा की दर पावसाळ्यात निम्मा समुद्रात जातो. रिक्षावाला वर यायचं म्हटलं की हात जोडतो. म्हणून भावोजींनी एका लाकडाच्या ठेकेदाराकडून ती जीप घेतली. छोटी, बुटकी, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांनी ओढणारी. आली तेव्हाच म्हातारी होती. पण घसरड्या चिखलातून ती जी वर चढायची, ते बघायला मी सुट्टी काढून जायचो. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची. त्यांचा तर जीव होता तिच्यावर. अडचण एकच. आपल्याकडे गाय घेतली की दूध विचारतात आणि गाडी घेतली की "किती देते?" विचारतात. ती लिटरला आठ द्यायची, फार लाडात आली तर नऊ. चढावर किती, ते भावोजी कुणाला सांगत नसत. "देत न्हाय रे, पिते," असं हसत म्हणायचे आणि विषय बदलायचे. पण ते त्यांना लागायचं. त्यांचा मुलगा महेश पनवेलला असतो. तो दर गणपतीत यायचा आणि म्हणायचा, "बाबा, विकून टाका हो. परवडत नाही ही." आणि भावोजी म्हणायचे, "परवडवून दाखवतो." पुढची सगळी वर्षं त्यांनी तेच दाखवण्यात घालवली.

काय काय केलं त्या माणसाने! टपावरचा लोखंडी सांगाडा काढला, वजन नको म्हणून. मागचं एक बाक काढून पडवीत टाकलं, त्यावर पुढे मांजरं वाढली. चाकांतली हवा ते आपली नाडी बघावी तशी रोज बघायचे. असल्या जुन्या गाडीला पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी, बाहेरून, एकेक असे गोल खटके असतात. ते हाताने फिरवून लॉक केले की पुढची चाकंही ओढायला लागतात. मोकळे सोडले की ती नुसती फिरतात आणि थोडं पेट्रोल वाचतं. भावोजी ते कायम मोकळे ठेवायचे. गाडी चिखलात रुतून मागची चाकं गरगरा फिरायला लागली, की मग खाली उतरायचं, गुडघाभर चिखलात बसून एक खटका फिरवायचा, वळसा घालून दुसरा फिरवायचा, वर चढून आलं की पुन्हा दोन्ही मोकळे करायचे. मला तर चढाच्या पायथ्याशीच उतरवायचे. "मेव्हणे, तुमच्या पोटाला वेगळं पेट्रोल लागतं. या चालत, भूक लागंल." मी हाशहुश करत वर पोचेपर्यंत हे पडवीत चहा पीत बसलेले असायचे. तेव्हा हसायला यायचं.

पण घरात जो नियम होता, त्याचं मला कधीच हसू आलं नाही. एका कामासाठी गाडी काढायची नाही. निदान दोन कामं पाहिजेत, तीन असली तर उत्तम. बँकेत जायचंय? थांबा, सुपारी फोडून झाली की एकदमच जाऊ. ताईच्या चष्म्याची काडी मोडली तेव्हा तिने ती दोऱ्याने बांधून कानाला अडकवली आणि कितीतरी दिवस तशीच तांदूळ निवडत बसली, कारण खाली जाण्यासारखं दुसरं काम निघत नव्हतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला हे दोघं आले ते अलिबागला जीपची क्लचप्लेट मिळते म्हणून. भावोजींनी ते लपवलंही नाही. मांडवात सगळ्यांना प्लेट दाखवली. ताई दोऱ्याचा चष्मा लावून हसत होती. तिला मी बाजूला घेऊन विचारलं, तुला राग कसा येत नाही? ती म्हणाली, "त्यांचं तसं हाय बाबा. कामं जमली की नेतात." कामं जमली की! बायकोचे डोळे म्हणजे अर्धं काम होतं त्यांच्या हिशोबात.

आणि हाच माणूस... इथे माझा खरा संताप सुरू होतो. हाच माणूस, खाली पुळणीत कुणाची गाडी रुतली असं कळलं की जेवणावरून उठायचा. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात, ओहोटीला वाळू घट्ट दिसते, मोठमोठ्या चकचकीत गाड्या पाण्याजवळ नेऊन फोटो काढतात आणि भरती लागली की बोंबलतात. मग वर निरोप यायचा. तेव्हा भावोजींना दुसरं काम लागायचं नाही. दोर टाकला, गाडी काढली, निघाले. खटके फिरवून, लो गिअर लावून, ती एवढीशी जीप घूंऽ करत पेट्रोल ओतत त्या धुडाला वाळूतून ओढून काढायची. एकदा मी बरोबर होतो. पाणी गाडीच्या दाराला लागलं होतं, आतल्या बाईंचे डोळे पांढरे झालेले. भावोजींनी कमरेएवढ्या लाटेत वाकून दोर बांधला. गाडी बाहेर आली. तिच्या मालकाने बूट झटकले, जीपभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काका, ही किती देते हो?" "आठ," भावोजी म्हणाले. तो हसला. "परवडत नाही मग!" मी त्याच्या अंगावर जाणार होतो. भावोजींनी माझं मनगट धरलं आणि त्या माणसाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं बघायचं ते समजावत बसले. पैसे तर घेतलेच नाहीत, वर शहाळं पाजलं.

त्या आठवड्यात ताईची दाढ ठणकत होती. दाढेखाली लवंग धरून ती दुसऱ्या कामाची वाट बघत होती.

वर येताना मी भांडलो. म्हटलं, हे एक काम नव्हतं? ह्याला कशी गाडी निघाली? "ते दुसऱ्याचं होतं मेव्हणे." मग ताईचं? "ती घरातली हाय." मी म्हटलं, घरातली म्हणजे माणूस नाही का? दुसऱ्या दिवशी मात्र एकट्या दाढेसाठी तिला घेऊन गेले. तिथून परतताना खत आणलंच म्हणा. सवय ती सवय.

यंदा दसरा झाल्यावर, एका सोमवारी, नारळ उतरवून घेताना त्यांच्या छातीत दुखलं. डावा हात जड झाला. ताई घाबरली. "चला, गाडी काढा. नायतर खालून कुनाला तरी बोलवते." ते म्हणाले, "पित्त हाय. एका पित्तापायी कशाला? गुरुवारी नारळ न्यायचेच हायत, बँकेत पन जायचंय. तवा दाखवतो." तिने लिंबू-सोडा दिला, ओवा दिला, पाठ चोळली. मला फोन करते म्हणाली तर त्यांनी तिला करू दिला नाही. मंगळवारी बरं वाटतंय म्हणाले. बुधवारी सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि पडवीत, त्या जीपमधून काढलेल्या बाकावर कलंडले. डॉक्टर नंतर म्हणाले, आदल्या दिवशी जरी आणलं असतं तरी काहीतरी करता आलं असतं.

एवढंच असतं तरी मी आज ना उद्या शांत झालो असतो. पण बाराव्याला पुळणीवरची टपरीवाली सुलभा आली. पानावर बसली नाही. मागच्या दारी माझ्यासमोर उभी राहून रडायला लागली. "मंगळवारी संध्याकाळी आलेले ना दिगंबरभाव खाली," ती म्हणाली. मला काहीच कळेना. खाली कशाला? "एकाची गाडी रुतलेली. दोर बांधला आन् तिथंच वाळूत बसले. घामानं सदरा भिजलेला. मी बोल्ले, भाव, तोंड कसं झालंय बघा, तसंच पुढं दवाखान्यात जावा. तर बोल्ले, परवा येनारच हाय."

ताईला ते सांगून गेले होते की गाडी घेऊन वाडीच्या टोकाला जाऊन येतो.

आता मला सांगा. पुळणीपासून दवाखाना अर्ध्या तासावर. डांबरी रस्ता, एकही चढ नाही. गाडी बाहेर काढलेली, इंजिन तापलेलं, टाकीत पेट्रोल. तो भिकारडा नियम धरूनसुद्धा, भावोजी, त्या संध्याकाळी तुमच्याकडे दोन कामं होती! एक ती रुतलेली गाडी आणि दुसरं तुम्ही. जमली होती की कामं! कुणाला तोंड दाखवायला जागा राहिली असती, महेशलाही सांगता आलं असतं की एका खेपेत दोन्ही उरकली. पण तुम्ही स्वतःला कामात धरलंच नाहीत. परक्या माणसाचा बंपर धरलात, नारळ धरलेत, बँक धरलीत. तोंडाने पित्त म्हणालात आणि वळून घरी आलात. ह्याला लोक साधेपणा म्हणतात, त्याग म्हणतात. बाराव्याला एकजण तर देवमाणूस म्हणाला. मी त्याला म्हटलं, गप जेव. देवाला बायको नसते दोऱ्याचा चष्मा बांधून मागे राहिलेली. साधेपणा नव्हे, हा माज आहे. माझ्याशिवाय सगळ्यांना गरज आहे, हा माज. मला ह्या माणसावर इतकं प्रेम आहे की ते आत्ता समोर आले असते तर मी त्यांच्या दोन थोबाडीत मारून त्यांना उचलून जीपमध्ये घातलं असतं.

सगळे पाहुणे गेल्यावर मी काही दिवस ताईजवळ राहिलो. महेशने जीपला गिऱ्हाईक बघितलं होतं. ताई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रडायची तीही नाही. एके दिवशी दुपारी भांडी पालथी घालून ती बाहेर आली, नवीन लुगडं नेसलेली. "बाळू, गाडी काढ." मी विचारलं, कुठे जायचंय? "खाली दुकानात. काडेपेटी आनायची." अजून काय आणायचंय? "कायपन न्हाय. काडेपेटी."

मी गाडी काढली. ती पुढच्या सीटवर पदर आवळून ताठ बसली. दुकानदाराने काडेपेटी दिली आणि म्हणाला, "वैनी, एवढ्यासाठी आलात? कुणाबरोबर निरोप धाडला असता तर मीच पाठवली असती." ताई म्हणाली, "एवढ्यासाठीच आले." येताना चढ लागला तसं तिने मला थांबवलं. "ते चार चाकांचं काय असतं, ते लाव." मी म्हटलं, रस्ता कोरडा खडखडीत आहे, कशाला? पेट्रोल खाईल उगीच. "खाऊ दे," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला, इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता इतका. "खाऊ दे म्हनते ना! लाव!" मी उतरलो. दोन्ही चाकांचे खटके फिरवले. लो गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने, प्रचंड आवाज करत आम्ही तो चढ चढलो. माणसं दारात येऊन बघत होती. ताईचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती.

घरी आल्यावर चहा करायला म्हणून मी चुलीजवळची फळी चाचपली. तिथे काडेपेट्यांचा अख्खा पुडा होता, कागदही न फाडलेला. मी वळून बघितलं. ताईने हातातली काडेपेटी त्या पुड्यावर ठेवली.

"उद्या मीठ आनायला जाऊ," ती म्हणाली.