आज कोण येणार, हे विचारणारी विजूताई

अमोलचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या एका कृषी केंद्रात बिल छापायचं मशीन उघडून बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. विजूताई माझी मावसबहीण, अमोल तिचा एकुलता मुलगा. आठवडाभर ती न्यूमोनियानं दवाखान्यात होती, पण आदल्या संध्याकाळी नर्सशी भांडली होती, म्हणून आम्ही सगळे निश्चिंत होतो. दुकानदाराला उद्या येतो म्हणालो आणि गाडी काढली. वाशिमपर्यंत डोळ्यांत पाणी आलं नाही. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते असं, की ताईला द्यायचं राहिलेलं ते उत्तर आता द्यावं लागणार नाही. सुटल्यासारखं वाटलं... आणि त्या वाटण्याची इतकी लाज वाटली, की गाडी बाजूला घेऊन तुरीच्या एका शेताकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. मी बोलण्यातला माणूस नाही. दुकानांची मशीनं दुरुस्त करतो, त्यांचे प्रोग्रॅम लिहितो, कमी बोलतो, लोक त्याला चांगुलपणा समजतात. ताई समजत नसे.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. डोळ्यांचे पडदे हळूहळू जात होते, आणि निवृत्त झाली तेव्हा तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तिच्याबद्दल आता लोक हळवं बोलतात, पण ती गोड बाई नव्हती. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि घंटागाडी आली, की बायका बादल्या घेऊन समोरून जाताना नाकानं हजेरी घ्यायची. "काल बेसन कोनाचं होतं वं? आन् हे भरलं वांगं टाकून राह्यली तू? माह्या घरी आनून द्याले काय झालं होतं तुले?" बायका चिडायच्या. एकजण तर बादलीवर झाकण ठेवून यायला लागली. ताईनं तिलाही सोडलं नाही. म्हणाली, झाकणाखाली कढी आहे.

पण टोमणे मारून ती थांबली नाही. एवढं अन्न रोज का जातं, हे तिनं प्रत्येकीला विचारून काढलं. आमच्या शहरातली निम्मी घरं खेड्यांतून आलेली. कोर्टाची तारीख, दवाखाना, पोराची परीक्षा, काहीही निघालं, की मेडशीहून, इंझोरीहून कुणीतरी संध्याकाळच्या एसटीनं उतरतं आणि न सांगता दारात उभं राहतं. त्याला 'जेवून आलास का' विचारायचं नसतं, थेट ताट करायचं असतं. म्हणून बाई रोज दोघांचं जास्त रांधते. पाहुणा आला तर घराची अब्रू राहते, नाही आला तर सकाळी घंटागाडी. ताईचं म्हणणं असं, की उरलेलं गोळा करत फिरण्यात अर्थ नाही. येणारा माणूस निघतानाच कळला पाहिजे. घरोघर मोबाईल होते, तरी बहिणीकडे जायचं तर फोन करून विचारायचं हे लोकांना परकेपणाचं वाटे. "भावानं फोन केला तं बहिनीले वाटते, हा परवानगी मागून राह्यला," ताई म्हणायची. "मधात तिसरा पायजे. तिसऱ्याले सांगाले लाज नसते."

तो तिसरा म्हणजे आमची फोन सेवा. मी तिच्या घरातल्या समोरच्या खोलीत एका जुन्या संगणकावर ती उभी केली. निघणाऱ्यानं साध्या फोनवरून एक नंबर लावायचा, कुणाकडे चाललो आणि किती जण, ते आपल्या बोलीत सांगायचं. दुपारी त्या घरी फोन जायचा आणि त्याचाच आवाज ऐकू यायचा. वाचायचं काही नाही, दाबायचं काही नाही. ताईची एकच अट होती: मला जे कुणाच्या मदतीशिवाय वापरता येणार नाही, ते आपण करायचं नाही. आमच्या गल्लीत ते चालायला लागलं. माझ्या बायकोनंही बोलून दाखवलं, की टोपल्यात शिळ्या पोळ्या कमी राहतात.

मग एका संस्थेचे लोक आले. त्यांना शहरभर असं काही करायचं होतं, आणि पैसे देऊन ते काम माझ्याकडून करून घेणार होते. हॉलमध्ये बैठक झाली, ताई माझ्या शेजारी बसली होती. त्यांच्या मनात मोबाईलचं ॲप होतं. उरलेल्या अन्नाचा फोटो टाकायचा, स्वयंसेवक येऊन घेऊन जाणार. त्यांच्यातले मोठे साहेब फार नम्रपणे म्हणाले, की मॅडम, तुमची अडचण आम्ही समजू शकतो, पण शहरात दृष्टिहीन असे कितीसे असतील? ताई म्हणाली, "साहेब, बाईचे हात पिठात असते तवा आंधळी काय अन् डोळस काय? आवाज दोघीईले पुरते." कुणीतरी हसलं, चांगल्या अर्थानं. मग साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, की हे आवाजावर चालणारं शहरभर करणं शक्य आहे का?

शक्य होतं. तिच्या समोरच्या खोलीत ते त्या क्षणी चालू होतं. ताईनं मान माझ्या दिशेनं वळवली. मी म्हणालो, "बघावं लागेल, सर."

काम हातचं जाईल ही भीती होती, साहेबांसमोर उलट बोलायची सवय नव्हती, सगळं होतं. पण या कारणांनी ते वाक्य लहान होत नाही. आम्ही ऑटोनं परत आलो. घराशी उतरल्यावर काठी जमिनीला टेकवून एवढंच म्हणाली, "दिल्या, आपन हारलो असतो तरी मले चाललं असतं. तू बोलला काहून नाही, हे सांग कधीतरी." तेच ते उत्तर. मी 'हो' म्हणालो, आणि पुढची काही वर्षं तिच्या घरी रोज चहा पिऊनही ते दिलं नाही.

ॲप मीच बनवलं. त्याचं काय झालं ते आमच्या भागातल्या माणसाला आधीच कळायला हवं होतं, मलाही. उरलेल्या भाजीचा फोटो काढून चार परक्यांना दाखवायचा, हे कुठली सासू होऊ देईल? सुरुवातीला कुणी फोटोच टाकेना. मग संस्थेच्या बायकांनी घरोघर जाऊन आग्रह केला, तेव्हा फोटो यायला लागले... शिऱ्याचे, पुऱ्यांचे, वरून कोथिंबीर पेरलेल्या मसालेभाताचे. साहेब खूश. मी एका घरी मोबाईलमध्ये ॲप टाकून द्यायला गेलो तर तिथली सून कढईत रवा भाजत होती. म्हणाली, भाऊ, चार वाजता तुमचा माणूस येते न न्याले, मग ताजं नको का करू? शिळं कसं देऊ दारातून कोनाले? अन्न वाया जाऊ नये म्हणून काढलेल्या सेवेसाठी घरोघर जास्तीचं रांधलं जात होतं, आणि माझ्या घरातल्या भिंतीवर त्याच कामाचं फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र लागलं होतं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. अजून येत नाही. पुढे ॲप बंद पडलं, संस्था दुसऱ्या जिल्ह्यात गेली, आणि ॲपच्या धावपळीत मी ज्याच्याकडे लक्ष दिलं नाही तो जुना संगणक तोवर बिघडून गेला होता.

ताईनं माझी वाट पाहिली नाही. तिनं तोच नंबर आपल्या बटणांच्या फोनमध्ये घातला आणि स्वतःच बसली. खेड्यांतून फोन यायचे, ती सगळं डोक्यात ठेवायची आणि दुपारी घरोघर लावायची. मी अनेकदा म्हणालो, की ताई, मशीन पुन्हा चालू करून देतो. ती म्हणायची, "बघावं लागेल." माझ्याच आवाजात म्हणायची, हुबेहूब. मी चहाचा कप विसळायला आत जायचो. आणि ती चुकायचीही, हे लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. एकदा तिनं एका घरी कळवलं, की तुमचे जेठ वाशिमला येऊन राह्यले. हे थोरले दीर आले, पण उतरले धाकट्या भावाकडे. या घरी केलेलं पुरणही गेलं आणि दोन्ही घरांचं बोलणंही बंद झालं. काहींनी तिला तोंडावर सांगितलं, की तुम्ही आमच्या घरचे पाहुणे मोजता, हे बरं नाही. तेव्हा ती दोन दिवस ओट्यावर बसली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन घेऊन बसली. मला तिचा राग यायचा. एवढा अपमान कशाला करून घ्यायचा... तिनं ते एकटीनं करावं लागू नये यासाठी मीच काही करू शकलो असतो, हे ठाऊक असल्यामुळे तो राग जास्तच यायचा.

तेरवीच्या आदल्या दिवशी आचाऱ्यानं मला विचारलं, किती माणसाचं धरू? अमोल पाहुण्यांत अडकला होता. समोर ताईच्या खुर्चीवर तिचा फोन पडला होता, आणि त्यात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराचा नंबर होता. बसून विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत अंदाज लागला असता. मी म्हणालो, जास्तच धरा, कमी पडायला नको. दुसऱ्या दिवशी पंगती उठल्या आणि वरणाचं अर्धं पातेलं, बुंदीच्या परातीच्या पराती तशाच राहिल्या. काही वाटलं. बाकीचं उन्हात आंबलं, आणि सकाळी घंटागाडीवाल्यानं नाक दाबून ते ओतून घेतलं. विजूताईच्या तेरवीचं अन्न. मी दारात उभा होतो. त्या वासाची हजेरी घेणारं ओट्यावर कुणी नव्हतं. मला सगळ्यांचा संताप आला: आचाऱ्याचा, अमोलचा, ताट भरून घेऊन अर्धं टाकणाऱ्या पाहुण्यांचा. पण आचाऱ्याशी बोलणारा मीच होतो. ताई, मी तेव्हा का बोललो नाही याचं उत्तर एवढंच आहे: मला गप्प राहणं सोपं जातं. माझ्या गप्प राहण्याचा भुर्दंड नेहमी दुसऱ्याला पडला, म्हणून मला ते कधी जड गेलं नाही.

पुण्याला परत जाताना अमोलनं फोन माझ्या हातात दिला. लोकांचे फोन थांबत नाहीत, म्हणाला, मामा, तुम्हीच बघा. मी तो कपाटात ठेवला. दुपारी कपाटातून वाजायचा. बायको माझ्याकडे बघायची आणि कामाला लागायची. मागच्या आठवड्यात अखेर मी तो उचलला. मेडशीच्या स्टँडवरून एक म्हातारी बोलत होती, मागे कंडक्टरची ओरड होती. "ताई, मी निंगाली वं. नातू बी हाये संगं. भाचीकडं सांगून दे." मी म्हणालो, आजी, ताई राहिल्या नाहीत. मग म्हातारी म्हणाली, "मंग आता सांगाचं कोनाले?"

"मले सांगा," मी म्हणालो.

तिनं भाचीचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. पण लगेच लावायचं माझ्यानं झालं नाही. काय बोलायचं, आपण कोण म्हणून सांगायचं, हे जुळवत अंगणात फिरत राहिलो. शेवटी लावला. भाचीनं सगळं ऐकून घेतलं, ताईचं कळलं म्हणाली, वाईट झालं म्हणाली. मागे पोळपाटावर लाटणं चालू होतं.

"पण भाऊ, माही कनिक तं भिजवून झाली," ती म्हणाली. "ताईचा फोन कनकीच्या आंधी येत जाय. उद्यापासून तेवढं पाहा."