चाळीस बायका जमवणारी सत्यशीला

पालमजवळच्या आमच्या गावात मेंढरं राखणाऱ्या ग्यानबाची लेक सत्यशीला परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायला गेली. गावातली पहिलीच. साल शहाऐंशी. तिसऱ्या वर्षाला तिला प्रात्यक्षिक होतं: एक गाव निवडायचं, कोणाला काय सांगायचं, कशातून सांगायचं, याचा आराखडा करायचा आणि तो पार पाडून दाखवायचा. तिनं आपलंच गाव घेतलं. निरोप साधा. पेरणीआधी ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळा, म्हणजे काणी पडत नाही, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होत नाही. ऐकायला चाळीस बायका जमल्या पाहिजेत, नाहीतर नापास. आणि ग्यानबानं बजावलेलं, "नापास झालीस तर शिक्षण बंद. लगीन."

पहिल्या खेपेला तक्ते तिचे, भोंगा माझा. नामांतराच्या सभांना याच भोंग्यावर मी तालुका गोळा केलेला. दोन तास ओरडलो. अकरा जीव आले, त्यातल्या चार शेळ्या.

मी गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती म्हणाली, "आश्रुदादा, गावाला शिव्या कामून द्यायलाव? आपण बोलावलंच कुठं? भोंगा काय कोणाच्या उंबऱ्यावर गेला?"

झोंबलं, पण खरं होतं. आमच्याकडं लग्न असो की बारसं, कासाबाई दारोदार सांगावा देते तेव्हाच बाई घराबाहेर पडते. सांगाव्याशिवाय गेली तर कमीपणा.

प्रात्यक्षिक तपासणाऱ्या सरांनी आणखी एक गुरुवार दिला. नव्या आराखड्यात 'माध्यम' या रकान्यात तिनं लिहिलं: कासाबाई.

"हे कसलं माध्यम?" सर म्हणाले.

"वीज लागत न्हाई, सर."

गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीत कासाबाई सांगावा घेऊन कधी आली नव्हती. "वस्ती वगळलीस तर तुझं-माझं बोलणं बंद," मी म्हणालो. तिनं सांगाव्याच्या यादीचा कागद दाखवला. वस्तीचा नंबर पहिला होता.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात त्रेसष्ट बायका, ठेवणीतली लुगडी नेसून. सर खुर्चीत फुलले. पुढंच बसलेल्या चतुराबाईनं सुरुवात केली.

"पाव्हणं, गाव कंचं?"

"वसमत."

"पगार किती?"

सरांनी सांगून टाकला.

"घरी आई हाय का, पोरीला जाचायला?"

"आई आहे, बायको आहे, दोन मुलं आहेत."

त्रेसष्ट तोंडं कासाबाईकडं वळली. कासाबाईनं घरोघर सांगितलेलं, ग्यानबाच्या पोरीला बघायला परभणीचा मास्तर यायलाय. मी तिच्यावर खेकसलो, तर म्हणते, "बियाण्याला गंधक चोळायचा म्हणले असते, तर माझी सख्खी जाऊ आली नसती."

बायका पदर झटकून उठल्या. सत्यशीलानं पिशवीतून काळं कणीस काढलं. "बसा, चतुरामावशी. पाव्हणा खोटा, काणी खरी. हे तुमच्या रानातलं."

"माझ्याच कामून? तानुबाईचं बघ की, निम्मं रान काळं हाय."

तानुबाई काय ऐकून घेते? तिनं भिवराबाईचं रान काढलं. दहा मिनिटांत गावची सगळी काणी पटांगणात आली आणि एकही बाई हलेना. उठली की मागं तिच्याच रानाचं नाव निघणार. त्या भांडणातच सत्यशीलानं बियाण्याची घमेली पुढं सरकवली आणि त्रेसष्ट जणींकडून गंधक चोळून घेतला.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "तुमच्या आराखड्यात नवरदेव कुठं होता?"

"नव्हता, सर. पुढच्या येळी सांगावा देणारीकडून निरोप आधी म्हणवून घेईन."

सरांनी पास केलं. ग्यानबा शब्दाला जागला. "शीक," म्हणाला. "पर त्या मास्तरला सांग, परत आला तर बायकोला संगं आण म्हणावं. बाया अजून मला इचारायल्यात, जावई कवा येणार म्हणून."