निंबोळीच्या तेलाचा रविवार

सुमनअक्कांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात बाकीचे सगळे गोडच लिहितील, म्हणून एक जुनी तक्रार मी नोंदवून ठेवतो. अक्का आम्हाला जे निंबोळीचं तेल चोळत, त्याचा वास चार दिवस अंगाला धरून बसे. शेजारचा मुलगा माझ्याकडे पाठ करून झोपे. माश्यासुद्धा माझ्यावर बसण्यापूर्वी विचार करत.

ही ओळख धुळ्याच्या एका सरकारी बालगृहातली, सन एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची. आईवडील गेल्यावर चुलत्यांनी मला मायबाप सरकारच्या हवाली केलं होतं. हे मायबाप वर्षातून एकदा समितीच्या रूपाने येत, भिंतींवरचा ताजा चुना पाहत, पेढे खात आणि जात. आमच्या पाठी कोणी पाहिल्या नाहीत. त्यासाठी वाकावं लागलं असतं.

पाठींवर छडीचे वळ असत. पण सगळ्यांच्या नव्हे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याला भेटायला कोणी येई, त्याला सहसा हात लागत नसे. ज्यांचं कोणी येत नसे, ते आम्ही व्हरांड्यात बसून दुसऱ्यांच्या आया बघत असू.

अक्का नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. एका विद्यार्थिनीला तिच्या भावाच्या भेटीला घेऊन आल्या आणि तो व्हरांडा पाहून गेल्या. पुढच्या महिन्यात तेलाची बाटली घेऊन एकट्याच आल्या. भेट फक्त नातेवाइकांना, असा नियम. अक्का कधी कोणाच्या मावशी झाल्या, कधी माझ्या आत्या.

"अक्का, गेल्या खेपेला तुम्ही याच्या मामी होत्या ना?" फाटकावरचे दगडूभाऊ विचारत.

"भाऊ, मना गोतावळा मोठा शे. उघड फाटक."

प्रत्यक्षात त्यांच्या माहेरी, पाचोऱ्याला, कोणीही उरलं नव्हतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तेल लावायचं म्हणजे सदरा काढणं आलंच, आणि तेही अधीक्षकांच्या खिडकीखाली. "हा वळ कशाचा रे?" अक्का खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत. आम्ही खिडकीकडे बघत असू. "बरं. पुढच्या महिन्यात परत बघते." छडी हळूहळू थंडावली.

मग अधीक्षकांनी नात्याचा दाखला मागितला. अक्कांनी कचेऱ्यांचे खेटे घातले. मावशीपणाचा दाखला कोणत्याही टेबलावर मिळेना, आणि त्याविना फाटक उघडेना. पाठ पाहणारं कोणी नाही म्हटल्यावर छडीला पुन्हा धीर आला. सातपुड्याच्या पायथ्याचा सुकऱ्या त्याच दिवसांत पाठ सुजून तापाने फणफणला. त्याचे आईवडील जिवंत होते. पोरगा कुठे आहे, हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. दवाखान्यात न्यायला वरून मंजुरी हवी होती. ती आली. सुकऱ्या तोवर थांबला नाही.

अक्कांनी मुंबईपर्यंत अर्ज केले. चौकशीत 'तापाने मृत्यू' ठरलं आणि अधीक्षक बढतीवर जळगावला गेले. पुढच्या पहिल्या रविवारी अक्का दाखल्याविनाच फाटकावर उभ्या राहिल्या. दगडूभाऊंनी मान खाली घालून फाटक उघडलं. "जा अक्का. मी आते नातं इचारत नही." त्या दिवशी अक्कांनी कोणालाच काही विचारलं नाही. सगळ्यांना तेल लावून झालं, तरी व्हरांड्यातल्या सुकऱ्याच्या जागेशी बाटली उघडी ठेवून बराच वेळ बसून राहिल्या.

पुढची कित्येक वर्षं त्या येतच राहिल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि पहिल्या रविवारी त्यांचं दार वाजवणारं कोणीतरी असो.

परवाच्या रविवारी मी गेलो. जिन्यात शेजारीणबाईंनी अडवलं, "आपण कोण त्यांचे?"

"भाचा," मी म्हटलं.

अक्कांचे गुडघे सुजले होते. मी खाली बसलो, पिशवीतून बाटली काढली.

"वास येतो रे याला," अक्का म्हणाल्या.

"येतो," म्हटलं, आणि चोळू लागलो.